ओळखीची खूण

पासपोर्ट ऑफिससमोरच्या कडुनिंबाखाली माझं टेबल.
अर्ज आता ऑनलाइन असतो,
तरी बोट माझंच फिरतं लोकांच्या मोबाइलवर.
तीस रुपये. झेरॉक्सचे वेगळे.

आज कुंदा फुलझेले आली, इंदोऱ्याची, नववी पास.
कुवेतला कोण्या म्हातारीला सांभाळायला जाते म्हणते.

नाव. बापाचं नाव. जन्मगाव.
शरीरावरची ओळखीची खूण?
तिनं मनगट पुढं केलं.
"तेलानं भाजलं जी,
लग्नाच्या सैपाकात. दुसऱ्यांच्या."

मग सांगावंच लागलं:
दहावी नाही, तर तुझ्या पासपोर्टवर शिक्का बसेल,
जायच्या आधी सरकारची परवानगी.
"अन् दहावीवाल्याले?"
त्याला नाही.
"म्हंजे थो शिकला म्हणून फसत नाही का?"

मी चष्मा पुसत बसलो.

माझ्या आजीचा बाप कामठीच्या बाजारातून गेला,
आसामच्या मळ्यात की बोटीवर,
घरात दोन्ही गोष्टी सांगतात.
कागदावर त्याचा अंगठा होता
आणि बाजूला सही करणारा साहेब:
हे लोक भोळे, यांना आमचं संरक्षण हवं.
साहेब गेला.
संरक्षण राहिलं, त्याच खुर्चीत, 
फक्त पंख्याचा एसी झाला.

परवा सिव्हिल लाइन्सच्या सभागृहात परिषद होती.
दोन देशांचे झेंडे, संत्रा बर्फी, करार.
"राजकीय इच्छाशक्ती हवी," 
माइकवर कुणीतरी तीनदा म्हणालं,
रेशनवाला साखरेबद्दल बोलतो तसं:
वरूनच आली नाही.
किती हात पाठवायचे, ते मात्र ठरलं.

कुंदा ऑटोनं घरी जाईल झिरो माइलवरून.
गोऱ्यांनी तिथं दगड रोवला,
कुठलं शहर किती मैल, कोरून ठेवलं.
दगडाशेजारी चार घोडे,
उधळलेले,
आणि जागचे हललेले नाहीत.
इंदोऱ्यापासून कुवेत किती, ते त्या दगडावर नाही.

"भाऊ," ती उठता उठता म्हणाली,
"तिकडच्या मालकिनीचा बी असा फॉर्म भरते का कोनी?
तिच्या हातची खूण कोन पाह्यते?"

मी रकाना शोधत खाली गेलो,
अजून खाली.
तेवढ्यात तिच्या मोबाइलवर ओटीपी आला.
दहा मिनिटांत भरायचा असतो.