रुमाल टाकलाय

हप्ता आठ हजार सातशे चाळीस,
अजून एकोणतीस बाकी,
आणि गाडी नगर नाक्यावर उभी.
गाडी कसली, चाकावरची खोली.
आत मी, माझा डबा
आणि चार रिकाम्या सीटा
रुसलेल्या व्याह्यांसारख्या.

तेवढ्यात पिवळ्या पट्ट्याच्या आतून
बस गेली. न थांबता. हॉर्नसुद्धा न देता.
खिडकीत मुंजाजी ढवळे,
आमच्याच प्लांटचा, पॅकिंगमधला,
डोकं काचेला, तोंड उघडं, गाढ झोपलेला.
झोपलेल्या माणसानं मला ओव्हरटेक केलं.

वाळूजला पोचलो तर त्याचा चहा पिऊन झालेला.
"साहेब, कामून उशीर व्हायलाय रोज?"
भोळेपणानंच विचारलं त्यानं.
मी पेट्रोलची पावती
खिशात आणखी खोल सारली.

मंगळवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकली.
घरी एवढंच सांगितलं.
सिडकोच्या थांब्यावर उभा राहिलो
नव्या शाळेतल्या पोरासारखा,
घामेजल्या मुठीत सुट्टे पैसे.
कंडक्टर गंगासागरबाई बघून हसल्या :
"पयल्यांदाच यायलाव वाटतं?"

सेव्हन हिल, मोंढा नाका, क्रांती चौक.
ठिकाणं तीच, पण वरून बघितली तेव्हा कळलं :
एकेका काडेपेटीत एकेकच काडी
आणि सगळ्या पेटलेल्या.
एकजण आरशात बघून नाकातला केस उपटत होता.
मीही उपटत असणार.
वर बसलेल्यांना दिसत असणार.
एवढी वर्षं!

घड्याळ दोनदा बघितलं. सव्वीस मिनिटं.
गेटवरच्या कलीमनं तर विचारलंच,
"साब, आज सुट्टी पे हो क्या?"

खोटं कशाला सांगू,
गुरुवारी उभ्यानं आलो,
कुणाच्या तरी डब्यातला ठेचा
माझ्या पँटवर सांडला, डाग अजून आहे.
पण त्याच दिवशी बाबा पंपापाशी
एका म्हातारबुवांनी सरकून अर्धी जागा दिली
आणि पडेगावपर्यंत आपल्या सुनेची तक्रार सांगितली.
गाडीत मला कोण सांगणार होतं?

गाडी आता दारात उभी असते.
टपावर कुरडया वाळतात.
बायको म्हणते, पत्रा लई झकास तापतो.
हप्ता चालूच आहे, त्याला इलाज नाही.

आणि आज पुन्हा नगर नाका.
खाली पांढरी गाडी, आत तुम्ही,
एक हात हॉर्नवर, दुसरा कपाळावर.
नजरेला नजर भिडली. तुम्ही झटकन वळवलीत.
मीही अशीच वळवायचो.

बसची काच उघडत नाही,
म्हणून ओठांनीच म्हणालो, कळलं तर बघा :
उद्या सव्वासातला, सिडको.
मुंजाजीच्या मागची सीट, खिडकीकडची.
तो घोरतो थोडा.
रुमाल टाकलाय.