दोन खोल्या

पहिली खोली पणजीला, आल्तिनोच्या चढावर.
गुरुवारी चारला पूर्वजा आत,
मी बाकावर, दारातल्या चपला मोजत.
दार जाड. आत ती काय बोलायची
ते मला कळलं नाही. कळायचंही नव्हतं.
परतताना बसमध्ये जराशी मोकळी दिसे.
वजन उतरतच होतं.

दुसरी म्हापशात, बाजाराच्या मागे.
फुर्तादो बाई म्हणाल्या, सगळे या, डबा आणा.
परक्या पंख्याखाली चौघांनी पेज वाढून घेतली,
सुकी सुंगटं, तोरांचं लोणचं.
"सध्या ती नाही ठरवणार. तुम्ही ठरवा."

उभा जन्म मिरच्या नि सोलं तोलली,
शुक्रवारी पावशेरासाठी गिऱ्हाइकाशी भांडलो,
आणि पोटच्या पोरीला
अजून एक घास घे म्हणताना
जीभ टाळूला चिकटली.
तिनं ताट ढकललं. बायकोनं परत सरकवलं.
पुन्हा ढकललं. यतीश भिंतीकडे बघत जेवत राहिला.
पाऊण तास. पेजेवर साय धरली.

मग घरी तेच, दिवसातून सहा वेळा.
दुकान अकराला उघडू लागलं.
श्रावणात काटा हलला, मोहरीएवढा.

लोक विचारतात, कुठली खोली बरी?

काल रात्री तीच म्हणाली,
"बाबा, मला परत ती दाराची खोली हवी.
सगळंच काही तुमच्यासमोर बोलता येत नाही."
बोलताबोलता तिनं पाव हुमणात बुडवला.
मी सोलं निवडत होतो.
निवडलेलीच परत निवडत राहिलो,
मान वर न करता.