एकास दहा

आमचा शाम्पू वीस लिटरच्या निळ्या कॅनमधून येतो.
लेबल पाण्यानं केव्हाच गेलं,
शाजीनं मार्करनं लिहून ठेवलंय : १ : १०.
एक मग तो, दहा मग पाणी.
माप चुकलं तर पगारातून कापीन
असं हसत म्हणतो, आणि कापतो.

वादी कबीर. कबीराचा इथे काही संबंध नाही,
मोठी दरी, एवढाच अर्थ.
दिवसाला बारा गाड्या, ऑगस्टात नऊ,
कारण बॉनेट म्हणजे तापलेला तवा,
फेस पुसायच्या आत सुकतो
आणि पाणी आपला क्षार मागे ठेवून जातं,
थेंबाएवढी पांढरी कडी, जिथे थेंब होता तिथे.

हिलाल अल-रवाही गुरुवारी रात्री येतो.
पाण्याच्या खात्यात नोकरीला,
पाण्याच्या डागांचा हाडवैरी.
कोपऱ्यातला गाळा तीन तास भाड्यानं घेतो
आणि डिकी उघडून, भातुकली मांडावी तशा
बाटल्या मांडतो. छोट्या, चिमुकल्या नावांच्या.
एकीला चेरीचा वास, एकीला नारळाचा,
एकीला चक्क आंब्याचा. मी हुंगून बघितला.
हापूस नव्हे. पण प्रयत्न केला होता.

फडकी रंगवार : पिवळं काचेला, करडं चाकांना,
गुलाबी फक्त शेवटच्या हाताला.
आमच्याकडे फडकं म्हणजे फडकं,
खाली पडलं की टायरचं.

‘तुमच्यात काय असतं?’ त्यानं कॅनकडे बोट केलं.
तुमच्यात तेच, म्हटलं, फक्त वास सोडून.
हे पुरतं खरं नव्हतं.
चाकांवर लोखंडाचं औषध मारलं,
डावीकडे त्याचं, उजवीकडे आमचं, नासक्या अंड्याचं.
दोन्ही जांभळं ओघळलं.
त्याचं पाच मिनिटांनी, आमचं दीड मिनिटात.
माझ्या नखांच्या कडा दोन वर्षं सोलवटतायत.
त्याची नखं मी बघितली.

मग एका गुरुवारी त्यानं आमचं मशीन मागितलं.
त्याचं स्वतःचं होतं, डुलत डुलत फिरणारं,
चूक पोटात घालणारं.
आमचं एकाच जागी गरगरतं.
शाजी जेवायला गेलेला. मी दिलं,
वर किलोच्या डब्यातली पांढरी पेस्टही.
पहिले दोन हात सुरेख गेले,
काळ्या रंगात ट्यूबलाइट सुरीसारखी धारदार उमटली.
मग बॉनेटच्या कडेला, जिथे पत्रा वळतो
आणि रंग मुळातच पापणीसारखा पातळ,
तिथे तो थांबला नाही.
लिंबाच्या फोडीएवढा करडा प्रायमर.

मी आधीच ओरडायला हवं होतं.
ओरडलो नाही. तो इतका खुशीत होता.

आमचा माल कुठे थांबायचं ते ठाऊक असलेल्या हातासाठी,
त्याचा, थांबूच नये असं वाटणाऱ्या हातासाठी :
हे मला त्या रात्री पडल्या पडल्या सुचलं,
तेव्हा काय उपयोग.
हौसेला मोल नाही म्हणतात.
इथे होतं. बॉनेटचा रंग, पंचेचाळीस रियाल.
तो म्हणाला, राहू दे. हात माझाच होता.

अजून येतो. करड्या डागालाही मेण लावतो,
काळ्याला लावतो तितकंच, गुलाबी फडक्यानं.

परवा मला एक डबी देऊन गेला, तळाशी बोटभर उरलेलं.
मला कुठली गाडी?
हमरियातल्या खोलीत माझी पत्र्याची पेटी आहे,
एसीच्या खाली, कारण दुसरीकडे जागा नाही.
ठिबकून ठिबकून झाकण तांबूस झालेलं.
शुक्रवारी दुपारी, बाकीचे झोपलेले असताना,
गंज घासला, मग बोटानं गोल गोल लावलं,
बनियनच्या चिंधीनं पुसलं, परत लावलं.
माप नाही, गिऱ्हाईक नाही,
घड्याळ उशाखाली.

आता थेंब पडतो तो पसरत नाही.
उभा राहतो,
खोलीतले सहाही पलंग पोटात उलटे धरून,
दुसरा येईपर्यंत.