दहापर्यंतचं इंग्रजी

आईला इंग्रजी शिकवलं
निळ्या टोपीतल्या एका साळिंदरानं.
खरं तर ते धाकट्या तासोसाठी होतं.
रोज संध्याकाळी सहाला, वीज असलीच तर,
छपरावरच्या तबकडीतून आमच्या स्वयंपाकघरात उतरायचं
आणि एकेक वस्तू उचलून दाखवायचं:
स्पून. सोप. बकेट. मून.
तासो पेंगायची.
आई कुब्दारीची कणीक मळता मळता
त्याच्यामागून म्हणायची, स्पून, सोप,
आणि 'मून'ला खिडकीबाहेर बघून घ्यायची,
उश्बाच्या सुळक्यावर तो खरंच आहे का.

मी तेव्हा कुताइसीला कॉलेजात.
वहीत भूतकाळाचे बारा नियम, लाल शाईनं.
तोंडात मात्र मिठाची गुळणी.

मग गावात पक्का रस्ता आला,
रस्त्यामागून पाठीवर बिऱ्हाड घेतलेले पाहुणे.
आईनं वरच्या दोन खोल्या झाडून घेतल्या,
फाटकावर पाटी लावली.
(स्पेलिंग माझं होतं. तेही चुकलं.)
पहिले आले दोन जर्मन, दाढीवाले, कमाडाएवढे.
मी दाराआड वाक्य जुळवत उभी,
तोवर आई एप्रनला हात पुसत पुढे:
"हॅलो, लिटल फ्रेंड्स! वॉश युअर हँड्स!"
ते गेले आणि धुतले.
कोपरापर्यंत.

साळिंदर दहापर्यंतच मोजायचं.
दहा झाले की टाळ्या.
त्याच्या जगात कुणी कुणाचं देणं लागत नसे.
म्हणून सत्तर लारी सांगायचे तर
आई टेबलावर राजम्याचे दाणे मांडायची,
टेन, म्हणायची, अँड टेन, अँड टेन.
सातव्या टेनला पाहुणेच टाळ्या वाजवायचे.

आमच्या भाषेत तो नाही, ती नाही,
एकाच शब्दात सगळे मावतात.
आईनं साळिंदराचा 'ही' उचलला
आणि घरभर वाटून टाकला:
पावाला, तासोला, गाईला, मला.
"अगं, गाईला 'शी' म्हणतात, शी!" मी ओरडायचे.
"गाईची काही तक्रार आहे का?"

ऑक्टोबरअखेर, मोसम संपल्यावर
एक म्हातारा इंग्रज आला,
खिंडीतल्या पावसानं निथळत, एकटाच.
खोली दोघांच्या नावानं ठेवलेली.
मी विचारणार होते दुसऱ्या पाहुण्यांबद्दल,
काळ कुठला वापरावा ते ठरेना.
आईनं त्याचं ओझं उतरवलं,
शेगडीपाशी खुर्ची ओढली,
डोक्यावर टॉवेल टाकून खसाखसा पुसत म्हणाली,
"ओ डिअर, ओ डिअर! ऑल वेट!
हू इज अ ब्रेव्ह बॉय?"

माझे कान तापले.
टॉवेलखाली बराच वेळ काही हललं नाही.
शेगडीत एक लाकूड बसलं.
मग एक हात हळूहळू वर आला,
वर्गात येतो तसा, बोट एक.
"आय ॲम," टॉवेल म्हणाला.
"गुड," आई म्हणाली. "नाऊ सूप."

चार दिवस राहिला. गोठ्याची कडी नीट केली.
आईला पुढचे आकडे शिकवायला बघत होता,
इलेव्हन, ट्वेल्व्ह. तिला ते पटले नाहीत.
आमच्याकडे अकरा म्हणजे दहावर एक जास्त,
सरळ दिसतं, कुणालाही कळतं.
जाताना त्यानं पैसे मोजले, दोघांचे.
आईनं दाण्यांकडे बघितलं,
अर्धे त्याच्याकडे सरकवले.
"नो, नो. वन बॉय. वन सूप."
तो काहीतरी बोलला, लांबलचक, भूतकाळातलं.
मला सगळं समजलं. आईला एक शब्दही नाही.
तिनं त्याची टोपी कानांवर खाली ओढली.

त्या हिवाळ्यात तबकडी बर्फाखाली वाकली
आणि साळिंदर आमच्याकडे यायचं थांबलं.
आईचे शब्द तेवढेच राहिले.
पुरतात, म्हणते.