शेऱ्याचा रकाना

कात्री मी नेहमी मानेमागे लावते,
अगदी कातडीलगत, चार ठिकाणी.
मुळाकडचा पहिला सेंटिमीटर म्हणजे गेला महिना,
पुढचा त्याच्या आधीचा.
एवढं हाताशी असलं की केस वाचता येतो,
थोडाफार.

वासुदेवकाका केस घेऊनच आले,
तांबट आळीतून कॅनडा कॉर्नरपर्यंत रिक्षानं,
मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डब्यात गुंतवळं. बोटाभोवती गुंडाळलेली,
काही काळी, बरीचशी करडी,
एकाला खोबरेलाचा वास अजून.

"मथुराची. केसांवर भांडी देणारी यायची ना,
तिच्यासाठी साठवायची.
तांबटाची बायको, आणि घ्यायची काय?
स्टीलचं पातेलं."
हसले.
"दहाव्याला पोरांचे केस गंगेत गेले.
हिचे माळ्यावर सापडले, परवा."
मग, डब्याकडे बघत,
"शेवटी हात फार थरथरायचे तिचे.
चहा बशीत कमी, ओट्यावर जास्त."

अर्ज भरला.
वय: रिकामं.
केस कापल्याची तारीख: रिकामी.
रंग, मेंदी: "मेंदी. सणाला."

बारा दिवसांनी अहवाल.
तांबं तक्त्याच्या बाहेर गेलेलं.
जस्त कमी.
शिसं अकरा पूर्णांक चार,
आणि हिरवी पट्टी एकाच्या आतच संपते.

चाळीस वर्षं हंड्यांवर हातोडा. काकांना ऐकू येत नाही.
"शिसं जास्त आहे!" मी ओरडले,
तर बाहेरच्या बाकावरचे
साखर तपासायला आलेले सगळे वळून बघू लागले.

"माझ्यामुळे?"
कल्हईच्या कथलात शिसं मिसळायचे, म्हणाले,
स्वस्त पडायचं.
डाख लावताना धूर घरातच,
भट्टी आणि चूल यांच्या मध्ये
गोणपाटाचा एक पडदा.

काय सांगणार?
गुंतवळाला टोक नसतं.
मूळ कुठलं, शेंडा कुठला, कुठला महिना आधीचा,
सगळं फाटलेल्या पंचांगासारखं.
शिसं कुंकवातही असू शकतं,
भांगात रोज भरलेल्या.
डब्याच्या कडेला डाख होता, त्यांच्याच हातचा,
तो मी फार उशिरा पाहिला.
केस आम्ही धुऊन घेतो,
पण धुतलं की बाहेरचं जातं आणि आतलं राहतं
हे केसाला कुणी सांगितलेलं नाही.

हे सगळं ओरडून सांगितलं.
ओरडून "कदाचित" म्हणणं
फार अवघड असतं.

त्यांनी मान हलवली
आणि बोट कॅल्शियमच्या लांब दांडीवर ठेवलं.
"हे तरी चांगलं होतं ना?
दूध प्यायची ती, रात्री, साय बाजूला काढून."
केसातलं कॅल्शियम हाडांविषयी काही बोलत नाही.
बोअरच्या जड पाण्यानंही वाढतं.
मी तोंड उघडलं.
"दूध प्यायची," ते पुन्हा म्हणाले,
मलाच ऐकू येत नसावं
इतक्या मोठ्यानं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
या नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.
सोबत राहणाऱ्यांनी
रक्तातलं शिसं तपासून घ्यावं.

नमुना परत द्यायचा नाही असा नियम आहे.
उरलेलं गुंतवळ मी कागदी पाकिटात घातलं,
वर नाव लिहिलं,
डबा नका वापरू म्हटलं. त्यांनी डब्यातच ठेवलं.

"सोबत राहणारं कोण?" शेरा वाचून विचारलं त्यांनी,
आणि उत्तराची वाट न बघता
बाही वर सारली.
कोपराच्या आत भाजल्याचे जुने पांढरे ठिपके,
त्यांच्यामधून शीर सापडायला
मला जरा वेळ लागला.