मधला आवाज

दौगावा नदी गोठली की कारखान्याची चिमणी अधिकच उंच वाटायची.
मंगळवारी आणि गुरुवारी, दुसरी पाळी सुटल्यावर,
कँटीनमधली बाकं आम्ही भिंतीला सरकवायचो.
कोट ओले. कोटांना उकळत्या बिटाचा मातकट गोड वास.
तसंच गायचो.

विझ्मा प्रयोगशाळेतून यायची,
पाक ढवळायची काचेची कांडी केसांत खोचलेली.
तीच तिची छडी.
"तोंड उघडा," म्हणायची, "जेवायला उघडता तेवढं तरी."
बॉयलरवरचा इल्मार्स खर्जात इतका खोल उतरायचा
की ट्रेमधले चमचे थरथरायचे,
आणि मग तो लाजायचा.

मी आल्टो.
चाल वरच्या बायकांकडे, पाया पुरुषांकडे,
आम्ही मधल्या.
ओंडक्यांच्या घरात फटींमधून शेवाळ कोंबतात ना, तशा:
कुणाला दिसत नाही,
नसलं की रात्रभर वारा आत येतो.
एकाच सुरावर सोळा मात्रा उभं राहायचं,
मग एक पायरी खाली, मग परत तिथेच.
आई म्हणाली होती, याला का गाणं म्हणतात?
उन्हाळ्यात एकदा मैदानावर ऐकायला आली.
घरी जाताना काहीच बोलली नाही.
पुढच्या वेळी मात्र माझा झगा
इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता.

स्काइद्रीते माझ्या डावीकडे.
बावीस वर्षं डावीकडे.
लांब सूर आला की आमचं ठरलेलं:
एकीने श्वास घ्यायचा, दुसरीने धरायचं.
ऐकणाऱ्यांना वाटायचं, या बायकांना श्वास लागतच नाही.
लागायचा.
आळीपाळीने लागायचा.

कारखाना बंद झाला त्या दिवशी भाषणं झाली,
गाणं झालं नाही.
विझ्मा म्हणाली, आज नको, आज सगळ्यांचा सूर उतरेल.
पुढच्या मंगळवारी नऊ जण आलो.
मग पाच.
मग कँटीनला कुलूप,
मग ते कुलूपही कुणीतरी भंगारात विकलं.
स्काइद्रीते आयर्लंडला गेली, अळंब्यांच्या शेडमध्ये.
कपाळाला दिवा बांधून खुडते, म्हणाली,
आणि शेजारच्या रांगेतली बाई कुठली आहे ते अजून कळलं नाही.

इस्टरला तिचा फोन आला. "म्हणूया? ते नदीचं?"
लावलं आम्ही.
पण आवाजाला समुद्र ओलांडायला अर्धा क्षण लागतो.
मी तिच्यासाठी थांबले, ती माझ्यासाठी,
गाणं मागे मागे सरकत गेलं
आणि शेवटी दोघी हसत सुटलो.
हसूही अर्धा क्षण उशिराच पोचत होतं.

आता जिना पुसताना तोंडात येतं ते मधलंच.
परवा दुसऱ्या मजल्यावरचा रेनिस विचारत होता,
"हे कुठलं गाणं?"
सांगितलं. त्याला शाळेत शिकवलंय ते.
"छे," म्हणाला, "ते असं नाहीये."
आणि पायरीवर बसून त्याने म्हणून दाखवलं. चाल.
नाकातून, अर्धी बेसूर, बुटाची नाडी सुटलेली.
मी खालून माझं धरलं.
तो दचकून गप्प झाला.
"थांबू नको," म्हटलं. "तू तुझं म्हण. मी खाली आहे."

माझी वही अजून आहे. तिसऱ्या पानावर,
स्काइद्रीतेच्या अक्षरात, पेन्सिलीने:
इथे तू घे. मी धरते.

नेमक्या त्याच जागी पोराचा श्वास संपला.
मी धरून ठेवला सूर,
फडक्यातून पाणी गळत होतं पायरीवर,
जिन्यातला दिवा वेळ संपून विझला,
आणि अंधारात त्याने हुंकार भरून पुन्हा पकडलं.
वर कुठेतरी दार उघडलं.
तक्रार करायला असेल कुणी.
आम्ही थांबलो नाही.