बंद मागांचा मंगळवार

पहिल्यांदा डाव्या टाचेत आलं.
फोन थरथरावा तसं. फोन मात्र फळीवर होता,
तांदळाच्या डब्याशेजारी, मुका.
मग पोटरी, मग बरगड्यांच्या आत,
मग टाळूखाली येऊन बसलं
आणि भाडंही न देता राहिलं.

दोन वर्षं झाली चैत्रात.

खासबागेत असलं काही सांगायचं कुणाला?
आमच्या गल्लीत चोवीस माग.
शेजारचा शिवलिंग म्हणाला, वहिनी, माग शिरलाय डोक्यात,
आमच्या आईच्याबी शिरलेला.
मीही तेच धरून बसले,
कांड्या भरत राहिले,
लग्न होऊन आल्यापासून भरतेय तशा.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई कानडी.
हेंग आगतैति, कसं होतंय नेमकं?
माझ्याकडे शब्द होते, घरचे.
पण मुंग्या चालतात, हे चालत नाही.
झिणझिण्या पाय झटकला की जातात.
भणभण रागाची असते,
हे रागावलेलं नाही कुणावर.
रिकाम्या घागरीला कान लावल्यावर आत जे असतं
ते हे.
फक्त घागर मीच.
शेवटी हात हवेत फिरवला आणि म्हणाले,
जुम्म अंतैति.
तिनं मान हलवली, इंग्रजीत लिहून घेतलं.
दोन अक्षरं की दोन ओळी, दिसलं नाही.
तिथवर पोचेतो माझं काय उरलं असेल त्यात.

रक्त झालं, मणका झाला, कान झाले.
मग नळीत घातलं.
ते यंत्र ठोकत होतं, घरघरत होतं, वीस मिनिटं.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
पहिल्यांदाच बाहेर काहीतरी होतं
माझ्या आतल्याएवढं.

रिपोर्टात सगळं व्यवस्थित.
नवऱ्यानं येताना पाव किलो कुंदा आणला.
खाल्ला. जीभसुद्धा गुणगुणली.

जाऊ म्हणते वारं लागलंय, उतरून टाक.
विहिणबाई म्हणतात टेन्शन.
मुलगा बंगळूरहून समुद्राचा आवाज पाठवतो,
उशाशी लावून झोप म्हणतो.
समुद्र लागतो,
आणि भरती येता येता मध्येच साबणाची जाहिरात.

परवाच्या मंगळवारी लाईन बंद होती, दुरुस्तीला.
दहाला चोवीस माग
एका दमात थांबले.
गल्लीत इतकं काही असतं, मला माहीत नव्हतं.
कुणीतरी सुपात गहू पाखडूलालं होतं.
तिसऱ्या घरात म्हातारा खोकला आणि स्वतःशीच
काहीतरी म्हणाला.
एका मांजरीच्या उडीचा आवाज आला.

आणि माझं चालूच.

म्हणजे मागाचं नव्हतं.
विजेवरचं नव्हतं, बिल नाही याचं, लाईनमन नाही.
कांड्यांच्या टोपलीशेजारी बसले तशीच,
हाताला काम नाही.

साडेतीनला निंगव्वा आली विरजण मागायला.
तोंड बघून टेकली माझ्याजवळ.
सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं.
तिनं विचारलं नाही काहीच, माझ्या कानशिलाला कान लावला,
मग पाठीला, दोन खांद्यांच्या मध्ये,
शेजारचं भांडण ऐकायला भिंतीला लावतात तसा.
बराच वेळ.
एनू केळ्सवल्द, म्हणाली,
मग माझ्यासाठी मराठीत,
काय बी ऐकू येऊना गं.
पण कान काढला नाही.
तिची बुगडी टोचत होती.
मी हलले नाही.

चारला लाईन आली, गल्ली पुन्हा धडधडली.
निंगव्वा उठली, पदर झटकला,
आता चूल, म्हणून गेली.
विरजण तिथंच, झाकलेल्या वाटीत.
मी वाटी घेऊन दारात आले, हाक मारली,
दोनदा.
चोवीस मागांत कुणाला ऐकू जातंय.